हद्दीपलीकडचं घर

२८ जून २०१९. पुण्यात पावसाची झड लागली होती. सकाळी साडेसहाला काकांनी जेवणाच्या टेबलावर टॅब उभा केला. तिकडे मायामीत आदल्या दिवसाची रात्र होती आणि डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे दहा जण एका मंचावर भांडत होते. काका बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनचे. सातबाराच्या कामासाठी महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला होते, पण निवडणुकीतली वादावादी त्यांना क्रिकेटच्या सामन्यासारखी लागते.

दुसरा चहा होत आला तेव्हा कमला हॅरिस जो बायडन यांच्याकडे वळल्या. सत्तरच्या दशकात तुम्ही शाळांच्या बसला विरोध केला होता, म्हणाल्या. आणि त्याच काळात कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी रोज तशाच बसने शाळेत जात होती, ती मुलगी म्हणजे मी. बायडन म्हणाले, माझा विरोध बसला नव्हता, वॉशिंग्टनच्या सक्तीला होता.

काकांनी मांडीवर थाप मारली. "पन्नास वर्षं झाली, अजून तीच बस!"

काकू समोर मेथी निवडत होती. ती काहीच बोलली नाही.

मला त्या बसची गोष्ट माहीत नव्हती. काकांना तेवढंच हवं होतं. ते थेट टोपेकापासून सुरू झाले. कॅन्सस राज्यातलं गाव. लिंडा ब्राऊन या मुलीच्या घरापासून सात चौकांवर गोऱ्या मुलांची शाळा होती. ती काळी, म्हणून रेल्वेच्या यार्डातून चालत जायचं, बस पकडायची आणि लांबच्या काळ्यांच्या शाळेत जायचं. "म्हणजे बस होतीच की! वेगळं ठेवण्यासाठी बस चालत होती तेव्हा कुणाची हरकत नव्हती." वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ला एकमताने ठरवलं. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल अशी काही मोघम भाषा वापरली की ज्याला टाळायचं होतं त्याला टाळता आलं. मग १९७१ साली शार्लट शहराच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, वस्त्याच वेगळ्या असतील तर मुलांना बसने इकडून तिकडे न्या.

तिथून हा विषय अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिरला. मार्च १९७२मध्ये फ्लॉरिडाची प्राथमिक निवडणूक जॉर्ज वॉलेस यांनी मारली, बसविरोधाच्या जोरावर. दोनच दिवसांनी अध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवरून नवे बसहुकूम थांबवायची मागणी केली. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की फ्लॉरिडाच्या त्याच मतदानात लोकांना दोन प्रश्नही विचारले होते. बसच्या सक्तीवर बंदी हवी का? चारपैकी तिघे हो म्हणाले. सर्व मुलांना शिक्षणाची समान संधी हवी का? त्यालाही हो, आणि थोडं जास्तच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. समानता सगळ्यांनाच हवी होती, फक्त ती आपल्या दारात येऊन थांबू नये.

नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. उरलेलं एक राज्य मॅसॅच्युसेट्स. वॉटरगेटनंतर तिथल्या गाड्यांवर स्टिकर दिसू लागले: मला दोष देऊ नका, मी मॅसॅच्युसेट्सचा. काकांनी आपल्या जुन्या डॉजच्या मागे तो हौसेने लावला होता. मत द्यायचा अधिकार नसलेल्या माणसाने!

"त्याच राज्यात दोन वर्षांनी दगड उडाले," काकू म्हणाली. मेथीवरची नजर तिने काढली नव्हती.

२१ जून १९७४. बोस्टनच्या शाळासमितीने मुलं जाणूनबुजून रंगावरून वेगळी ठेवली आहेत, असा निकाल न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी दिला. काळ्या मुलांच्या रॉक्सबरी वस्तीची जोडी लागली साउथ बोस्टनशी. तिथे आयरिश वंशाचे गरीब गोरे. १२ सप्टेंबरला शाळा उघडल्या आणि साउथ बोस्टनमधून परतणाऱ्या बसवर दगडांचा पाऊस पडला. त्याआधी तीन दिवस टेड केनेडींना, त्यांच्या स्वतःच्या शहरात, गोऱ्या पालकांच्या जमावाने टोमॅटो मारून हाकललं होतं. ऑक्टोबरात अध्यक्ष फोर्ड यांनी सांगून टाकलं की न्यायाधीशांचा हुकूम मला पटत नाही. जमावाला आणखी काय हवं?

काकू तेव्हा बोस्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. शेजारच्या टेबलावर रॉक्सबरीची एक काळी बाई. तिचा मुलगा त्या बसमध्ये होता. दुसऱ्या दिवशी ती मुलाचं जाकीट पिशवीत घालून घेऊन आली. तपकिरी कॉर्डरॉयचं, नव्या शाळेसाठी नवं घेतलेलं. जेवणाच्या सुट्टीत तिने ते पांढऱ्या कागदावर पसरलं, दिवा खाली ओढला आणि लॅबच्या चिमट्याने कॉर्डरॉयच्या पन्हळींत अडकलेल्या काचा एकेक करून काढायला लागली. काकूने दुसरा चिमटा घेतला. कॉलरवर फुटलेल्या अंड्याचा वाळलेला पोपडा होता. अर्ध्या तासात दोघींनी पेट्रीच्या बशीत काचेचे चिमूटभर कण जमवले.

"तू कुठे राहतेस?" त्या बाईने विचारलं.

"लेक्सिंग्टनला."

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्याकडे बस नाही."

इथे काका मध्ये पडले, कारण कायद्याचा भाग त्यांचा. त्याच वर्षी २५ जुलैला डेट्रॉइटच्या खटल्यात, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की उपनगरांनी काही गुन्हा केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना या योजनेत ओढता येणार नाही. त्या पाचांपैकी चार न्यायमूर्ती निक्सन यांनी नेमलेले. निवडणूक शाळेपर्यंत पोचते ती अशी. महापालिकेच्या हद्दीशी बस थांबली. आत उरले गरीब काळे आणि गरीब गोरे, एकमेकांच्या छाताडावर. हद्दीबाहेर चांगल्या शाळा, हिरवळी आणि काका-काकू. न्यायाधीश गॅरिटीसुद्धा वेल्सलीत राहायचे, हद्दीबाहेरच. साउथ बोस्टनच्या आया त्यांच्यावर दात खाऊन होत्या, त्यातलं हे एक कारण तरी मला खोटं वाटत नाही.

काकांनी लेक्सिंग्टनचं घर १९७३मध्ये घेतलं होतं. का, तर शाळा चांगली. मराठी मंडळींतले सगळेच तसंच करत होते. बोस्टनच्या काही काळ्या मुलांना लेक्सिंग्टनच्या शाळांत आणणारी मेट्को ही योजना होती, १९६६पासून. पण ती ऐच्छिक आणि थोड्या जागांची. शनिवारी कुणाकडे जेवायला जमले की या प्रकरणावर तास तास चर्चा चाले. न्यायाधीश बरोबर, पद्धत चूक, असा साधारण सूर. आपण यात कुठेच नाही, हे वाक्य मात्र ठरलेलं.

"तुला सांगू," काकू मला म्हणाली, "त्या दिवशी मला तिला सावित्रीबाईंची गोष्ट सांगायची होती. आमच्याही गावात मुलींना शिकवायला जाणाऱ्या बाईवर लोकांनी शेण फेकलं, ती जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायची. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, ही विचारणार, फेकणारे कोण? माझं माहेर पेठेतलं. काय सांगू, की आमच्याच आळीतले?"

काकांनी टॅबचा आवाज कमी केला.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामगिरी मोडल्याबद्दल. काकांच्या लेक्सिंग्टनच्या कपाटात त्याची एक प्रत आहे. काचा निघाल्या त्या दिवशी त्या अर्पणपत्रिकेला १०१ वर्षं झाली होती.

१९७६मध्ये काकांना नागरिकत्व मिळालं आणि पहिलं मत द्यायची वेळ आली. एप्रिलमध्ये बोस्टनच्या सिटी हॉलसमोर एका काळ्या वकिलावर अमेरिकेच्या झेंड्याची काठी रोखलेला गोरा मुलगा फोटोत पकडला गेला. त्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्याच महिन्यात जिमी कार्टर वस्त्यांची वांशिक शुद्धता टिकवण्याबद्दल काहीतरी बोलून गेले आणि त्यांना माफी मागावी लागली. नोव्हेंबरपर्यंत फोर्ड आणि कार्टर दोघेही सक्तीच्या बसच्या विरोधात. काकांनी कार्टरला मत दिलं. लॅबमधल्या त्या बाईने कुणाला दिलं, हे काकूने विचारलं नाही.

मग मीच विचारलं, "पुढे काय झालं तिचं?"

"काही नाही. अकरा वर्षं शेजारी काम केलं. चांगली मैत्रीण होती माझी."

मेथीच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून काकू उठली. लेक्सिंग्टनच्या घरी तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी असायचं, तीस-पस्तीस बायका लांबलांबून गाड्या चालवत यायच्या. त्या अकरा वर्षांत तिने या मैत्रिणीला एकदाही घरी बोलावलं नव्हतं.