नेमर्टिया : अचूक नावाचा कृमी

कोलकात्यात 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या कामात वाघ-हत्ती येतात, तसे समुद्रातले कृमीही. त्यांतल्या एका संघाचं नाव नेमर्टिया. फितीसारखे लांब, मऊ, बहुधा समुद्रतळावर राहणारे हे प्राणी. हे नाव आलं ग्रीक पुराणातल्या नेमर्टीस या सागरकन्येवरून. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी ते या कृमींना दिलं. अर्थ ‘न चुकणारी’. यातला ‘ने’ नकाराचा. पुढचा धातू चुकण्याचा. नाटकाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेला ‘हामार्तिया’, म्हणजे नायकाची चूक, त्याच धातूचा. म्हणजे आपल्या ‘अ-चूक’ची तंतोतंत तीच घडण!

आणि नाव किती शोभतं! आतड्याच्या वर द्रवाने भरलेल्या पोकळीत या कृमीची सोंड दुमडलेली असते. स्नायू आवळले की दाबाने ती हातमोजा उलटावा तशी बाहेर उसळते आणि भक्ष्याला वेढते. काही जातींत टोकाला विषारी काटाही असतो.

अचूक नेम म्हटला की बाण आठवतो; पण बाणकृमींचा संघ वेगळा : किटोग्नाथा, म्हणजे ‘केसाळ जबड्यांचे’. त्यांतल्या एका प्रजातीचं नाव ‘सॅजिटा’, लॅटिनमध्ये बाण. काचेसारखं पारदर्शक अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आकडे. पाण्यातली थरथर जाणवताच ते कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी जीवांवर झेपावतात.

मराठीत नेमर्टियाला ‘फीतकृमी’ म्हणू नये. तो शब्द आतड्यातल्या परजीवी पट्टकृमीसाठीही वापरतात, आणि त्याचा संघ निराळा. ‘सोंडकृमी’ म्हणावं.