न्हाणीघराच्या भिंतीवरील डाग : ओळख आणि उपाय

नवा रंग देऊन महिनाही उलटत नाही, तोच न्हाणीघराच्या भिंतीवर पिवळसर-तपकिरी ओघळ उतरू लागतात. पहिला संशय वरच्या मजल्यावरील गळतीवर जातो, दुसरा रंगाऱ्यावर. पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. मात्र डागाचे कारण न शोधता त्यावर पुन्हा रंग चढवला जातो आणि पुढील वर्षी तोच खर्च नव्याने करावा लागतो.

ओल कोठून आली, हा यातील मूळ प्रश्न. हिरण्यकेशीकाठच्या संकेश्वरात घाटाखालच्या मानाने पाऊस पुष्कळच कमी. तरीही तेथील न्हाणीघरे डागाळतात, ती मुख्यतः थंडीत. पहाटेच्या गारठ्यात बाहेरची भिंत थंडगार झालेली असते, वारा नको म्हणून झडप लावलेली असते आणि बंबातील कढत पाण्याची वाफ त्या भिंतीवर थिजून थेंब धरते. आंबोली घाट उतरून गोव्यात आले की ऋतू बदलतो. येथे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की कोमट पाण्याने केलेली आंघोळही भिंत दिवसभर ओली ठेवण्यास पुरेशी ठरते.

वर उल्लेखिलेले ओघळ चकचकीत आणि बोटाला चिकट लागत असतील, तर ती गळती नव्हे. पाण्यात कालवलेल्या इमल्शन रंगात साबणासारखे काही घटक असतात. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का होण्यास सुमारे महिना लागतो. त्याआधी वाफ बसली की हे घटक पृष्ठभागावर येऊन ओघळतात. साध्या पाण्याने ते पुसले जातात. दोन-तीनदा पुन्हा उमटले, तरी घटक संपले की थांबतात. रंगाची त्यात हानी नसते. रंगकामानंतर काही दिवस गरम पाण्याची आंघोळ त्या खोलीत टाळली, तर बहुधा ते उमटतही नाहीत.

काळे वा हिरवट ठिपके मात्र बुरशीचे असतात. ते छताच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे, म्हणजे वारा न पोहोचणाऱ्या जागी आधी दिसतात. खात्री करावयाची असल्यास ठिपक्यावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकावा. रंग उडाला तर बुरशी, न उडाला तर मळ. एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी या द्रावणाने भिंत भिजवून, दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन पूर्ण वाळू द्यावी. हातमोजे व मास्क वापरावा, खिडकी उघडी ठेवावी. फरशी धुण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असतो आणि न्हाणीघरासारख्या कोंदट जागेत जिवावर बेतू शकतो. दमटपणा आणि बुरशी यांचा दम्यासारख्या श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत नोंदविला आहे. लहान मुले व वृद्ध असलेल्या घरांनी ही बाब केवळ शोभेची मानू नये.

तिसरा प्रकार लोण्याचा. भिंतीतील क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी मागे राहते. पाठोपाठ रंगाचे पोपडे सुटतात. बुरशी कोरड्या ब्रशने घासू नये, कारण बीजाणू घरभर पसरतात. लोणा मात्र कोरड्या ब्रशनेच झाडावा, कारण पाणी लावले की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. नदीकाठच्या घरांत लोण्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला तसा महापूर ओसरल्यावर भिंती वरून लवकर सुकलेल्या दिसतात, पण आत पाणी राहते. जाडीच्या प्रत्येक इंचामागे एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंतीला वर्षातील बहुतेक काळ द्यावा लागतो. सणाच्या घाईत त्यावर पुट्टी आणि तकतकीत रंग चढवणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. अशा भिंतीला तूर्त चुन्याची सफेदी बरी. तिच्यातून ओल बाहेर पडते आणि चुन्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीही सहसा धरत नाही.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरविण्यासाठी फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवून दोन दिवस ठेवावे. थेंब प्लास्टिकच्या आतील बाजूस जमले, तर नळाची जोडणी, फरशीच्या सांध्यांतील भराव आणि बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा तपासाव्यात. हे काम प्लंबर व गवंड्याचे असून रंगाऱ्याचा क्रम त्यानंतर. थेंब बाहेरच्या बाजूस असतील, तर दोष हवा कोंडण्याचा आहे. आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा वीसेक मिनिटे चालू ठेवावा, भिंतीवरचे पाणी वायपरने ओढून घ्यावे. पंखा नसल्यास वरची झडप उघडी राहू द्यावी. जुन्या न्हाणींत उंचावर झरोका ठेवत, तो याचसाठी. नूतनीकरणात तो बुजवला असल्यास रंगाच्या डब्यापेक्षा त्याचा खर्च आधी करावा.

पुन्हा रंगवताना प्लास्टर ऑफ पॅरिस टाळावे, ते ओलीने मऊ पडते. सिमेंटची पुट्टी, त्यावर प्रायमर आणि बुरशीरोधक इमल्शन हा क्रम ठेवावा. गोव्यात हे काम मे महिन्याच्या अखेरीस काढू नये. रंग पक्का होण्याआधीच पाऊस येऊन ठेपतो.