मूल कोणाच्या मांडीवर? महाराष्ट्रातील शिकणाऱ्या मातांचा इतिहास

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांच्या स्थापनेचा, सुधारकांच्या निर्धाराचा आणि सनातन्यांच्या विरोधाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शिकणारी स्त्री वर्गात बसलेली असताना तिचे तान्हे मूल कोणाच्या मांडीवर होते, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो वगळला तर हा इतिहास अर्धाच राहतो. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय घरांतील मुलीचे लग्न सामान्यतः आठव्या ते बाराव्या वर्षी होई आणि त्यानंतर काही वर्षांतच पहिले बाळंतपण येई, त्यामुळे आज ज्या वयात मुली दहावीची परीक्षा देतात त्या वयात तेव्हाची स्त्री अनेकदा आई झालेली असे, आणि प्रौढ स्त्रीच्या शिक्षणाचा विचार करणे म्हणजे बहुतेक वेळा आईच्याच शिक्षणाचा विचार करणे होते.

बाळंतिणीची काळजी परंपरेला अपरिचित नव्हती. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी यावे, प्रसूती करणाऱ्या अनुभवी सुईणीच्या हातून ती सुखरूप सुटावी, सव्वा महिना, म्हणजे सुमारे चाळीस दिवस, तिला शेक-शेगडी, तेल लावणे, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मिळावेत, ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. पुढे सासरी परतल्यावरही मूल एकट्या आईच्या अंगावर नसे. सासू, जावा, नणंदा, घरातील एखादी विधवा आत्या असे अनेक हात त्याला सांभाळीत. मात्र हे हात आईला मोकळी करीत ते पाणी भरण्यासाठी, दळणासाठी आणि स्वयंपाकासाठी. तिने पुस्तक उघडावे म्हणून मूल उचलून घेणारे माणूस त्या घरांत सापडणे कठीण होते. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या विरोधाचे जे तपशील नोंदवले आहेत, त्यांवरून हे स्पष्ट होते की स्वतः न्यायमूर्ती पती शिकवायला बसला तरीही स्वयंपाकघर आणि माजघर यांची संमती मिळाल्याशिवाय स्त्रीचा अभ्यास सुरळीत चालत नसे. आणि रमाबाईंना तर मूल नव्हते.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला. वैद्यकीय मदतीच्या अभावाने झालेल्या त्या मृत्यूतूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय आकाराला आला, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पण या थोर कथेत एक कटू सत्य दडलेले आहे: ते मूल जगले असते तर अठराव्या वर्षी पतीशिवाय समुद्र ओलांडणे त्यांना शक्य झाले असते का, याचे होकारार्थी उत्तर देण्यासारखी कोणतीही सोय तेव्हाच्या समाजात अस्तित्वात नव्हती.

मूल जिवंत असताना आणि ते बरोबर घेऊन शिकायला निघालेल्या स्त्रीचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाई यांचे आहे, आणि त्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. त्यांची कन्या मनोरमा १८८१ च्या एप्रिलमध्ये जन्मली; पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. कडेवर जेमतेम वर्षाचे मूल असताना रमाबाईंनी पुण्यात येऊन आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि शिक्षणविषयक चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका यांच्या गरजेविषयी साक्ष दिली. हे सारे १८८२ या एकाच वर्षात घडले. १८८३ मध्ये, पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून, त्या दोन वर्षांच्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वैद्यकाचा अभ्यास करण्याचा त्यांचा मूळ हेतू बहिरेपणामुळे सिद्धीस गेला नाही. तेव्हा त्यांनी चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली अध्ययन आणि संस्कृतचे अध्यापन सुरू केले.

या अध्ययनाचा आधार वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींचा मठ होता, कारण रमाबाई चेल्टनहॅमला असताना मनोरमेचा सांभाळ बराच काळ तेथे झाला. येथेच या इतिहासातील सर्वांत बोलका संघर्ष उभा राहतो. मूल सांभाळणाऱ्या संस्थेला त्या मुलाच्या श्रद्धेवरही अधिकार हवा होता. उलट, स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना चर्चचे जे सिद्धान्त, विशेषतः त्रैक्याचा सिद्धान्त, पटलेले नव्हते, ते आपल्या मुलीला शिकवले जावेत हे मान्य नव्हते. त्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी या विषयावर झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून, धर्मविषयक वाद म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो एका शिकणाऱ्या आईने आपल्या मुलावरील हक्कासाठी केलेला झगडाही आहे, ही बाजू मात्र उपेक्षित राहिली. मदत घेतल्याबद्दल आईने मुलाविषयीचे निर्णय सोडून द्यावेत, ही अपेक्षा रमाबाईंनी नम्र पण ठाम शब्दांत नाकारली, आणि याच कारणासाठी ती पत्रे आजही मराठी वाचकाने मुळातून वाचायला हवीत.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते विधवांसाठी निवासी विद्यालय होते आणि पुढच्या वर्षी पुण्यास गेले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे झाल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विशीच्या सुमारास विधवा झाली तेव्हा तिच्या पदरी लहान मुलगा होता. विधवेचे डोके भादरून तिला सोवळी करण्याची, म्हणजे केशवपनाची, प्रथा तेव्हा रूढ होती आणि अशा स्त्रीने उरलेले आयुष्य माहेरी राबण्यात घालवावे हे गृहीत होते. पार्वतीबाईंनी पुण्यास येऊन कर्वे यांच्या घरी राहून शिक्षण घेतले, कर्वे यांच्याच हिंगण्याच्या विधवाश्रमाचे काम पत्करले, आणि पन्नाशीला टेकल्या असताना इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेला साहाय्य मिळवण्यासाठी अमेरिका गाठली, ही हकीकत त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात आहे. बहिणीचे घर हाच त्यांचा पाया होता; ते नसते तर देवरुखच्या त्या तरुण आईचे नाव कोणत्याही ग्रंथात आले नसते.

एका घराने केलेली सोय संस्थेच्या वेळापत्रकात आली ती पुण्याच्या सेवासदनात. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये उभ्या केलेल्या या संस्थेने विवाहित स्त्रियांसाठी दुपारचे वर्ग ठेवले, कारण सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर आणि संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वी जे दोन-तीन तास उरत, तेवढेच संसारी स्त्रीचे स्वतःचे असत. वेळेचा हा हिशेब मोठा शहाणपणाचा होता.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र हे दोन-तीन तासही नव्हते. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये केली तेव्हा त्यांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले; आई साच्यावर उभी असताना मूल झोपून राहावे म्हणून अफूची गोळी चारणे हा त्या चाळींतला नाइलाजाचा उपाय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे मांडले, आणि १९२९ च्या मुंबई कायद्याने तिला भरपगारी रजा नव्हे, तरी काही आठवडे दिवसाला आठ आण्यांची मदत मिळवून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही अट तीस स्त्रियांवर आणण्यात आली.

पाळणाघर आणि शाळा यांचा संबंध सर्वांत खोलवर ओळखला तो ताराबाई मोडक यांनी. स्वतःच्या लहान मुलीच्या शिक्षणाचा विचार करता करता बालशिक्षणाकडे वळलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांमध्ये काम केले. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण धाकट्याला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते, हे लक्षात आल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी सुरू केली. भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी ते मूल शेजारच्या पाळणाघरात ठेवून वर्गात बसू लागली. शाळेच्या दारातच मुलाला जागा देणारा हा विचार सेवासदनाच्या दुपारच्या वर्गांपेक्षाही पुढचा होता.

उच्च शिक्षणात तो विचार अजून पोहोचलेला नाही. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संशोधनाच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये, म्हणजे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीनंतर १३० वर्षांनी, केला. ती रजा संपल्यानंतर प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात परतणाऱ्या आईचे मूल कोठे राहील, हे ठरवण्याचे काम आजही बहुतेक ठिकाणी तिच्या घरावरच सोडलेले आहे.