नमुना आणि निर्मिती : साग्रादा फामिलियाच्या कार्यशाळेचा इतिहास

वास्तुकल्पनेला त्वरेने मूर्त रूप देऊन तिची पारख करण्याची पद्धती आज ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’ या नावाने ओळखली जाते. ती केवळ संगणकाची देणगी होय, असा समज रूढ आहे. बार्सिलोना येथील साग्रादा फामिलिया या चर्चच्या बांधकामाचा इतिहास पाहिल्यास हा समज अपुरा ठरतो.

या बांधकामास १८८२ मध्ये प्रारंभ झाला व पुढील वर्षी ते आंतोनी गौदी (१८५२–१९२६) याच्याकडे आले. नमुन्याविषयीची त्याची दृष्टी प्रथम स्पष्ट होते ती कोलोनिया ग्वेल येथील चर्चच्या कामात. टांगत्या साखळीचा आकार उलटा केला असता स्थिर कमानीचा आकार मिळतो, हे तत्त्व रॉबर्ट हूक याने १६७५ मध्ये कूटाक्षरांत नोंदविले होते. गौदीने १:१० या प्रमाणात दोऱ्यांचे जाळे टांगले, भाराच्या प्रमाणात त्यांस शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या आणि त्याची छायाचित्रे उलटी करून वास्तूचा आकार निश्चित केला. मात्र एक दोरी हलविली की सर्व जाळे हले. या खटाटोपात सुमारे दहा वर्षे गेली. पद्धती अचूक होती, पण शीघ्र नव्हती.

साग्रादा फामिलियासाठी त्याने पुढे प्लास्टरचे नमुने १:२५ व १:१० या प्रमाणांत करविले. येथे त्याने अपास्त व अन्वस्त जातीची अशी पृष्ठे निवडली, की जी वक्र असूनही सरळ रेषांनीच घडतात. त्यामुळे कारागिराला सरळ पट्टीच्या साहाय्याने प्लास्टर कापता येई आणि तोच नियम पुढे पाथरवटाच्याही उपयोगी पडे. नमुना हा अशा रीतीने एकाच वेळी प्रयोग आणि हत्यार झाला.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी कार्यशाळा जाळण्यात आली. आराखडे नष्ट झाले, नमुन्यांचे तुकडे तेवढे उरले. अशा स्थितीत पुढील बांधकाम गौदीचे म्हणता येईल काय, हा प्रश्न १९६५ मध्ये तीव्र झाला. बांधकाम चालू ठेवण्यास विरोध करणाऱ्या जाहीर पत्रावर ल कॉर्ब्युझिए याचीही स्वाक्षरी होती.

या आक्षेपाला अंशतः उत्तर मिळाले ते भूमितीतून. १९७९ पासून या कामाशी संबंधित असलेल्या मार्क बरी या वास्तुविशारदाने तुकड्यांची मोजमापे घेऊन, त्यांतील पृष्ठे कोणत्या नियमाने एकमेकांस छेदतात, हे शोधले. हे गणित प्रथम हाताने, नंतर विमानरचनेसाठी तयार झालेल्या संगणकप्रणालीने होऊ लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्रिमितीय मुद्रणयंत्रे आली. ती भुकटीचे पातळ थर एकावर एक जोडून काही तासांत नमुना उभा करतात. प्लास्टरचे कारागीर त्यावर हात फिरवितात, आणि तोच नमुना पुन्हा चर्चेसाठी मांडला जातो. नोव्हेंबर २०१० मध्ये अंतर्भागाचे धर्मसंस्कारपूर्वक समर्पण झाले.

तात्पर्य, यंत्राने नमुन्याचा वेग वाढविला. नमुन्याचा नियम गौदीच्या कार्यशाळेत आधीच सिद्ध झाला होता. तो नियम नसता तर उरलेले तुकडे यंत्राला निरुपयोगीच ठरले असते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तुकड्याच्या पुराव्यावर आधारलेला भाग आणि केवळ तर्काने भरून काढलेला भाग हे दोन्ही मुद्रित नमुन्यात सारखेच निर्दोष व पूर्ण दिसतात. फुटलेले प्लास्टर आपले अपुरेपण लपवीत नाही. नवा नमुना ते लपवितो. म्हणून कोणता आकार कशावरून ठरला, याची नोंद नमुन्यासोबतच जतन होणे अगत्याचे आहे. अन्यथा १९६५ च्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आवश्यक असलेला पुरावा आपणच पुसून टाकू.