वीतभर मोटार आणि मुलींचे हात

आज आपण बोलणार आहोत मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना खेळण्यातल्या मोटारींशी काय करायचंय? थोडं ऐका. या वीतभर गाडीच्या इतिहासात कोणाच्या हातात करवत आली आणि कोणाच्या हातात कापड आलं, ते ऐकलं की हा विषय आपल्याला परका वाटणार नाही.

आधी प्रतिकृती म्हणजे काय ते पाहू. बाजारातली प्लॅस्टिकची गाडी ही नुसतं खेळणं असते. तिचं चाक मोठं झालं काय, दार लहान झालं काय, कोणी विचारत नाही. प्रतिकृतीत मात्र माप पाळावं लागतं. तलाठ्याकडचा गावचा नकाशा आपण पाहिलेला आहे. त्यावर शेत केवढंसं दिसतं, पण बांधाचं वळण खऱ्यासारखंच असतं. तसंच हे. चार मीटर लांबीची मोटार पंचवीस पट लहान केली की १६ सेंटीमीटरची होते. याला म्हणायचं 'एकास पंचवीस'. खऱ्या गाडीच्या दाराची मूठ १५ सेंटीमीटर असेल, तर इथे ती सहा मिलिमीटरची, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी करायची. जगभर हजारो लोक निव्वळ आवड म्हणून रात्र-रात्र बसून अशा गाड्या बनवतात.

या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट अमेरिकेत घडली. डेट्रॉइट हे तिथलं मोटारींचं शहर. तिथे फिशर आडनावाचे सात भाऊ होते. घराणं लोहारकामाचं आणि घोडागाड्या बनवण्याचं. मोटारी आल्या तसे ते मोटारींचे सांगाडे बनवू लागले. १९०८ साली त्यांनी 'फिशर बॉडी' ही कंपनी काढली आणि पुढे ती जनरल मोटर्स या बड्या कंपनीत गेली. नेपोलियन बादशहाच्या थाटाची घोडागाडी ही त्यांची खूण होती.

१९३० साली या कंपनीने मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. नाव होतं 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड'. तेव्हा अमेरिकेत मंदी होती, कारखाने बंद पडत होते, लोक रोटीसाठी रांगा लावत होते. अशा वेळी कंपनी म्हणाली, आमच्या खुणेतली घोडागाडी हुबेहूब छोटी करून दाखवा, उत्तम करणाऱ्याला कॉलेजचा खर्च देऊ. पहिलं बक्षीस होतं पाच हजार डॉलरची शिष्यवृत्ती. त्या काळी तेवढ्यात एका मुलाचं अख्खं कॉलेज होत असे. नकाशे कंपनी देई, पण तयार भाग विकत आणून चिकटवायचे नाहीत, सगळं स्वतःच्या हाताने घडवायचं. लाकूड तासायचं, धातू कापायचा, दारं उघडली पाहिजेत, पायऱ्या दुमडल्या पाहिजेत. आणि आत बसायच्या गाद्यासुद्धा शिवायच्या! पोरं महिनोन्‌महिने त्यात गुंतलेली असायची.

१९३७ पासून घोडागाडीबरोबर मोटारही आली. मुलांनी स्वतःच्या डोक्यातून उद्याची मोटार काढायची आणि ती बारा पट लहान करून पाठवायची. युद्धात स्पर्धा थांबली, नंतर पुन्हा सुरू झाली आणि १९६८ पर्यंत चालली. इतक्या वर्षांत लाखो मुलांनी नावं नोंदवली. त्यातल्या थोड्यांनीच गाडी पूर्ण करून पाठवली असणार. अर्धवट राहिलेलं भरतकाम आपल्याही ट्रंकेत असतंच की. पण ज्यांनी पूर्ण केली, त्यांच्यातल्या काहींचं आयुष्य बदललं. चक जॉर्डन नावाच्या मुलाला १९४७ साली पहिलं बक्षीस मिळालं. १९४९ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये लागला आणि पुढे १९८६ ते १९९२ या काळात कंपनीच्या डिझाइन विभागाचा सर्वोच्च प्रमुख झाला. गिल्डमधून आलेले असे बरेच जण त्या विभागात होते. कंपनीने हे काही धर्मादाय म्हणून केलं नव्हतं. जाहिरात झाली आणि हुशार कारागीरही घरबसल्या सापडले. तरीही योजना पक्की होती हे मान्य करायला हवं. पोराने घरातल्या ओट्यावर घडवलेली गाडी कोणीतरी तज्ज्ञ माणसं हातात घेऊन तपासतात, गुण देतात, यशस्वी मुलांना डेट्रॉइटला बोलावून मानाने जेवायला बसवतात. गरिबाच्या पोराला याहून मोठी शिडी कुठे मिळणार?

आता खरी गोष्ट. स्पर्धेला वयाची अट होती, आणि दुसरी अट मुलगा असण्याची. १९३० पासून १९६८ पर्यंत ही शिडी मुलींसाठी नव्हतीच. गाद्या शिवायचं कामही या स्पर्धेत मुलांनीच केलं, आणि तेव्हा ते 'कारागिरी' ठरलं. हेच काम मुलीने केलं की ते 'घरकाम' ठरतं, हे आपण वेगळं सांगायला नको.

याच कंपनीत बायका शिरल्या त्या दुसऱ्या दाराने. १९५०च्या दशकात डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी शिकलेल्या काही तरुण स्त्रियांना कामावर घेतलं. मोटार घेताना घरातल्या बाईचं मत लागतं, हा त्यांचा हिशेब. या मुलींना नाव दिलं 'डॅमसेल्स ऑफ डिझाइन', म्हणजे साधारण 'डिझाइनच्या सुकुमारी'. अभ्यासाने आणि कष्टाने तिथवर पोचलेल्या बाईला सुकुमारी म्हटलेलं आवडेल का? त्यांच्यातल्या काहींना ते नाव बोचतच होतं. रूथ ग्लेनी, सुझन व्हँडरबिल्ट, पेगी सॉवर अशी त्यांची नावं होती, ती आपण नावानेच घेऊ. त्यांना काम मिळालं ते गाडीच्या आतलं. रंग निवडा, सीटचं कापड निवडा. गाडीचा बाहेरचा आकार हे पुरुषांचं क्षेत्र. तेवढ्या जागेतही त्यांनी डोकं चालवलं. लहान मुलांना चालत्या गाडीत दार उघडता येऊ नये अशी कडी त्यांनी सुचवली. आज आपण मुलांना घेऊन जीपमध्ये बसतो तेव्हा त्या कडीची किंमत कळते. १९५८ साली या स्त्रियांनी सजवलेल्या गाड्यांचं खास प्रदर्शन भरलं. त्याच वर्षाअखेर अर्ल निवृत्त झाले, नवे प्रमुख आले, त्यांना बायका नको होत्या. एकेक करून बहुतेक जणी गेल्या. सुझन व्हँडरबिल्ट मात्र १९७७ पर्यंत टिकून राहिल्या.

त्याच १९५८ साली इकडे छंदातही बदल झाला. एएमटी नावाच्या अमेरिकन कंपनीने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा डबा बाजारात आणला. एकाच डब्यातून तीन तऱ्हेची गाडी जोडता यायची: कारखान्यातून येते तशी साधी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. आता लाकूड तासायची गरज उरली नाही. जाहिराती अर्थात मुलग्यांसाठीच.

पण खरे हौशी लोक डब्यात आलं तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि आम्हाला या छंदातला हाच भाग सगळ्यात आवडला. गाडी जोडली की ती सुधारायची. इंजिनात वायरी दिलेल्या नसतात, मग बारीक तार किंवा दोरा घेऊन एकेक वायर ओवायची. सीटचे पट्टे रिबिनीचे करायचे. खाली गालिचा म्हणून मखमलीचा तुकडा कापून बसवायचा. चकचकीत पट्टीसाठी चॉकलेटची चांदी. रंग एकदम जाड द्यायचा नाही. जाड सारवलं की भेगा पडतात, तसंच इथे जाड रंगाखाली दाराच्या रेषा बुजतात. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, ओल्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासायचं, पुन्हा पातळ हात. शेवटी चमक आणायला काही जण चक्क दात घासायची पेस्ट वापरतात! सामान पुन्हा एकदा मनात आणा: दोरा, रिबीन, मखमल, कात्री, चिमटा. आपल्या शिलाईच्या डब्यात याहून वेगळं काय असतं? गाडीला अवघड असं हातांना यात काहीच नाही. फक्त कोणी आपल्याला बोलावलं नाही.

एका गाडीचं मात्र उलटं झालं. लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी १९४७ साली एक छोटी कंपनी काढली. आडनाव एक, पण नातं नाही. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं 'लेस्ने'. त्यांना जॅक ओडेल हा कसबी माणूस येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम होता, खेळणं न्यायचं तर काड्यापेटीत मावेल एवढंच न्यायचं. बापाने लेकीसाठी पितळेचा इवलासा रोड रोलर बनवला आणि काड्यापेटीत घालून दिला. वर्गातल्या सगळ्या मुलांना तसाच हवा झाला. त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या आणि जगभर गेल्या. म्हणजे जगातली एवढी प्रसिद्ध छोटी गाडी मुळात एका मुलीच्या दप्तरात गेली होती. पुढे पूर्व लंडनच्या हॅकनी भागातल्या कारखान्यात या गाड्या जुळवायला रांगेने बसायच्या त्या बहुतेक बायकाच. चाकं बसवणं, रंगवणं, डब्यात भरणं, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. १९८२ मध्ये लेस्ने बुडाली आणि ते काम त्यांच्या हातून गेलं. आज संग्राहक जुन्या मॅचबॉक्स गाडीला मोठी किंमत मोजतात. जिने ते चाक बसवलं, तिचं नाव डब्यावर कुठेच नसतं.

आपल्याकडे हा छंद डब्यातून आला नाही, पण छोटं करून बघायची हौस आहेच. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात. दिवाळीत किल्ला होतो. सावंतवाडीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी रंगवतात. आणि तारेची गाडी न केलेला भाऊ कोणाला आहे? आमच्या वस्तीत किल्ल्याचा बुरूज भाऊ रचतो आणि बहीण चिखल कालवून देते, हेही दर दिवाळीला दिसतं.

पण दार बंदच आहे असं नाही. रामकृपा अनंतन यांनी मुंबईच्या आयआयटीत डिझाइनचं शिक्षण घेतलं आणि १९९७ साली त्या महिंद्र कंपनीत लागल्या. सुरुवात गाडीच्या आतल्या कामापासूनच, त्या अमेरिकेतल्या बायकांसारखी. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. चाकणला तयार झालेल्या एक्सयूव्ही ५०० या गाडीच्या डिझाइनचं नेतृत्व त्यांनी केलं, बाहेरच्या आकारासकट. नवी गाडी ठरवताना आजही कारखान्यात आधी मातीची प्रतिकृती करतात, हाताने खरवडून, चोळून गुळगुळीत करतात. सारवणाऱ्या हातांना हे काम कळायला किती वेळ लागेल?

म्हणून आम्ही गटागटांतून एक ठरवलंय. येत्या सुट्टीत सातवी ते दहावीच्या मुलींनी गावातल्या एका ट्रॅक्टरची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची, एकास वीस मापात. साडेतीन मीटरचा ट्रॅक्टर असेल तर तो साडेसतरा सेंटीमीटरचा होईल. सामान म्हणजे जुने खोके, फेविकॉल, वॉटर पेपर आणि कात्री. मोजायला शिलाईची टेप चालेल. आधी मागचं चाक मोजा, मग पुढचं, मग दोन्हींतलं अंतर, आणि प्रत्येक माप वहीत लिहून त्याला वीसने भागा. भागाकार मुलींनाच करू द्या. ट्रॅक्टरमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि मोजताना इंजिन बंद आहे ना, तेवढं बघा.