अखंड लांकडाचें वाद्य

मध्यम स्थितींतील घरीं मुलगा युकुलेले मागूं लागला, कीं वडिलांपुढें दोनच वाटा दिसतात. अखंड लांकडाचें वाद्य गोड वाजतें, पण महाग पडतें. स्वस्त वाद्य बहुधा प्लायवुडाचें असतें. सलग फळींतील तंतू एकाच दिशेनें जातात, म्हणून ती तारेबरोबर मोकळेपणानें थरारते. प्लायवुडांत थरांचे तंतू एकमेकांस आडवे बसतात, मध्यें सरस असतो, आणि तो थरार दबतो. तेव्हां चांगला नाद हा धनिकांचाच मक्ता समजावयाचा काय? इतिहास तरी तसें सांगत नाहीं.

युकुलेलेचेंच उदाहरण घ्या. २३ ऑगस्ट १८७९ रोजीं 'रेव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरून होनोलुलूस पोहोंचलें. उसाच्या मळ्यांत मजुरी करण्याच्या करारानें त्यांतून आलेल्या मंडळींत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास व जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लांकूडकामांत निष्णात होते. आपल्या देशींच्या लहान वाद्याच्या धर्तीवर त्यांनीं हवाईंत नवें वाद्य घडविलें. लांकूड मात्र तेथल्याच रानांतील कोआ वृक्षाचें घेतलें. राजा कालाकाउआनें त्याचें कौतुक केलें, आणि सामान्यांच्या घरांतही तें रुळलें.

असाच पालट आपल्या कोल्हापूरच्या शेजारीं, मिरजेस घडला. तेथील शिकलगार हत्यारांना धार लावीत. तलवारीचा काळ सरला आणि कसबी हात रिकामे झाले. १९ व्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनीं वाद्यें दुरुस्त करतां करतां सतार व तंबोरा घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि तिचा पिढ्यानुपिढ्यांचा धंदा झाला. लांकूड कर्नाटकांतील रानांचें, भोपळे मंगळवेढ्याकडचे. हीं साता समुद्रांपलीकडून आणावीं लागलीं नाहींत. गुणग्राहकही जवळच होते. कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या पदरीं अल्लादिया खां होते, खुद्द मिरजेंत अब्दुल करीम खां राहत, आणि १८९१ पासून ह्या दोन गांवांना आगगाडीनें जोडलें होतें. पुढें संस्थानें गेलीं, धंदा मात्र टिकला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभलें.

ह्या दोन्ही कथांत स्वस्ताईचें मूळ हलक्या मालांत नाहीं. तें जवळच्या लांकडांत व कारागिराच्या हातांत आहे. आजही किंमत फुगते ती पुष्कळदां नक्षीनें, नांवानें व दुर्मिळ लांकडानें. नाद मुख्यतः वरच्या फळीवर अवलंबून असतो. तंबोऱ्यांत तिला तबली म्हणतात. म्हणून युकुलेले घेतांना वरची फळी तेवढी अखंड पाहावी. बाजू व पाठ प्लायवुडाची चालेल. मधल्या भोंकाची कड निरखावी. वरच्या रेषा कडेंतही सलग उतरल्या तर लांकूड अखंड. थर दिसले तर प्लायवुड. इतकें मात्र ध्यानांत असावें, कीं अखंड लांकूड दमट हवेनें फुगतें. पावसाळ्यांत वाद्य पेटींत ठेवावें.

आणि मुलास कोणतेंही तंतुवाद्य चालणार असेल, तर एकदां मिरजेची वाट धरावी. शिकलगारांचे हात पूर्वीं एकदां रिकामे झाले होते. ते पुन्हां तसे होऊं न देणें हें आपणां ग्राहकांच्याच हातीं आहे.