फिनिक्सची निवडुंगबाग

आमच्या पूर्णा भागात फड्या निवडुंग म्हणजे शेताचं कुंपण, नाहीतर कटकट. मूळचा तो अमेरिकेचा, बरं का! दक्षिण हिंदुस्थानात इतका माजला, की १९२६ च्या सुमारास कोचिनील किडे सोडून त्याची रानंच्या रानं मारली. पुढच्या दहा-बारा वर्षांतच तिकडे अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला, गुस्ताफ स्टार्क 'वाळवंट वाचवा' अशी पाटी लावून निवडुंगवेडे जमवत होते. गर्ट्रूड वेबस्टरबाईंनी पैसा उभा केला आणि १९३९ मध्ये बाग खुली झाली.

दाराशी डेल चिहुलीचे हिरव्या काचेचे काटेरी मनोरे आहेत, २००८ च्या प्रदर्शनातले. छानच. पण मी रेंगाळलो ते उंच सग्वारो निवडुंगापाशी. त्यात सुतारपक्षी ढोली कोरतो. तो गेला की चिमणीएवढं घुबड तिथे बिऱ्हाड करतं.